रायफलीचं पोट पुसताना

पोलिसात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, हाकलावे लागतात! त्यातून कोतात, म्हणजे हत्यारांच्या खोलीत काम केलेलं असेल तर विचारूच नका. दिवसभर हात रायफलीत आणि तोंड मोकळं. दुसरं होणार काय?

मी बसवकल्याणजवळच्या खेड्यातला. माझ्या बरोबरीची निम्मी पोरं पुण्याला बांधकामावर गेली, मी गुलबर्ग्याला राखीव पोलिसात लागलो. एसटीडीचे बूथ नुकते गल्लोगल्ली उगवले होते, तेव्हाची गोष्ट. कोतात आम्ही तिघं. मी, औरादचा काशिनाथ आणि आमचे उस्ताद, हवालदार माणिकअप्पा. अप्पा साहेबांशी कन्नड बोलत, आमच्याशी मराठी, आणि रायफल अडली की तिच्याशी दखनी! रिटायर व्हायला अकरा महिने उरले होते आणि अख्ख्या नोकरीत एकही मेमो नव्हता. "पाटी कोरी घिऊन आलतो, कोरीच घिऊन जानार," हे आम्हाला रोज एकदा ऐकावं लागे.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं एसएलआर ठेवली. मागची कळ दाबली की ही रायफल मधून मोडते. नळीचा भाग वर, दस्त्याचा खाली. खालच्या भागात चाप, घोडा, स्प्रिंगा. अप्पा त्याला पोट म्हणत. आधी कोरडी चिंधी, मग कोपऱ्यांत ब्रश, मग तेलाचं एक बोट, आणि तेसुद्धा पुसून घ्यायचं.

मी नवा. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असं समजून मी धारच धरली.

अप्पा शांतपणे म्हणाले, "नामदेवा, बेसन आनू का?"

"कामून अप्पा?"

"कढईभर तेल वतलायस न्हवं? आता भजी सोडू!"

गुलबर्ग्याची धूळ तेलाला चिकटली की दोन दिवसांत आत चिखल होतो, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून तेलाच्या बाबतीत मी कंजूष झालो.

*

पोटातल्या कोपऱ्यांना दात घासायच्या ब्रशासारखं हत्यार नाही. अप्पा दर महिन्याला स्टोअरकडून ब्रश मागवत. एकदा तिथं नवा कारकून आला. त्यानं अप्पांना वर बोलावलं. अप्पांच्या तोंडात एव्हाना मोजून चार दात राहिलेले!

"हवालदार, मागच्या महिन्यात डझनभर ब्रश नेले. तुम्हाला दात किती?"

"चार," अप्पा म्हणाले. "पर कोतातल्या आमच्या शंभर बायांनी घासलं न्हाई तर उंद्या दंगलीत तोंड उघडायच्या न्हाईत. तवा तुमी जाताव का फुडं?"

ब्रश दोन डझन मिळाले.

*

एकदा जोडताना काशिनाथच्या हातून स्प्रिंग सुटली आणि तिच्या पुढची इवलीशी खिट्टी टुणकन उडाली. अप्पांचा कायदा होता, वस्तू सापडल्याशिवाय कोणी खोलीबाहेर जायचं नाही. दरवाजा लावला. तिघंही गुडघ्यांवर. खाटेखाली बघितलं, पेट्या हलवल्या, एकमेकांचे खिसे झाडले. जेवायची वेळ टळून गेली. अप्पांचा चेहरा उतरला होता. हरवलेली खिट्टी म्हणजे हमखास मेमो!

शेवटी अप्पांनाच दया आली. "हितंच बसून खावा, भाईर जाऊ नगा."

काशिनाथनं मघापासून उघडा पडलेला डबा ओढला. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण. दुसऱ्याच घासाला तो कळवळला.

"अप्पा, घावली!"

"कुठं रं?"

"दाढंखाली!"

अप्पांनी आधी खिट्टी धुतली, पुसली, तेल लावून जागेवर बसवली. मग विचारलं, "दाढ हाय का गेली?"

*

गाणगापूरला यात्रेचा बंदोबस्त होता. आम्ही एका धर्मशाळेच्या ओसरीवर उतरलो होतो. तिथंही अप्पांचं रोज सकाळी पोट उघडून पुसणं चालूच. सोलापूरकडची एक म्हातारी यात्रेकरू तीन दिवस बघत होती. चौथ्या दिवशी तिला राहवेना.

"रोज पुसतूस बाबा, पर कंदी उडवतूस का?"

"आज्जी, घरातलं देव रोज पुसता का न्हाई?"

"पुसती की!"

"मग ते रोज उठून बोलत्यात का?"

म्हातारी खो खो हसली आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवून गेली.

*

आणि ही अप्पांची शेवटची खंडेनवमी. कोतात हत्यारांची पूजा असते. अप्पांचा नियम कडक होता, हळद-कुंकू फक्त दस्त्यावर, आत कणही जाता कामा नये. नोकरीचे तीन महिने राहिले होते. सगळ्यांना कुंकू लावून झालं आणि अप्पा एका जुन्या रायफलीपाशी थांबले. तिच्यावरच ते काम शिकले होते. त्यांनी कळ दाबली, रायफल मोडली आणि चिमूटभर कुंकू थेट तिच्या पोटात सोडलं!

"अप्पा, काय करायलाव?" काशिनाथ ओरडलाच.

"गप! लेक निघाली की वटी भरत्यात. हितं बापच निघालाय, म्हनून का लेकीची वटी भरू न्हाई?" त्यांचे डोळे भरले होते.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर ती मी पुसली. चिंधी, ब्रश, सगळं. माझ्या मते चकाचक! आणि त्याच दिवशी अकरा वाजता, न कळवता, वरचे साहेब तपासणीला आले. शंभर रायफली होत्या, साहेबांनी उचलली तीच. उघडली आणि चापामागच्या कोपऱ्यात पांढऱ्या रुमालाचं टोक फिरवलं. टोक तांबडं झालं.

"हवालदार, गंज?"

पुसली होती मी आणि मेमो मिळणार होता अप्पांना. साहेबांबरोबरच्या कारकुनानं पेन उघडलंसुद्धा. मी पुढं व्हायला लागलो, तर अप्पांनी हातानं मला मागं सारलं.

त्यांनी साहेबांच्या हातातला रुमाल घेतला. डागावर अंगठा घासला आणि तोच आपल्या कपाळावर ओढला.

"साहेब," ते कन्नडात म्हणाले, "गंज असता तर मी कपाळाला लावला असता का?"

साहेबांनी अप्पांच्या कपाळाकडं बघितलं, मग रुमालाकडं. मग टोपी काढून काखेत धरली आणि कपाळ पुढं केलं.