बांधीतली लढाई

कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा मी नागपुरात लेकीकडे मेथी निवडत बसले होते. "तुमचे सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. अर्जुनीच्या कॉलेजात हरिदास सर इतिहास शिकवायचे आणि मी मराठी. आमची खुर्चीला खुर्ची लागून असायची, म्हणून वहिनी आपल्या नवऱ्याला माझ्यापुढं नेहमी 'तुमचे सर'च म्हणत. सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, तिथंच मान कलली... आता महिना होत आला. अजूनही काही वाचलं की वाटतं, हे सरांना सांगायला हवं.

सरांचा जीव एका परक्या लढाईत अडकला होता. पहिलं महायुद्ध संपून पोलंड पुन्हा उभा राहत होता, रशियात क्रांती झाली होती. त्या क्रांतीची लाल सेना थेट वॉर्सापर्यंत धडकली आणि विस्तुला नदीकाठी पोलंडनं तिला मागं रेटलं, ती ही लढाई. धानाच्या मुलखातल्या माणसाला पोलंड कशाला, असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, तोही देश सपाट आहे, चिखलाचा आहे, नद्यांनी चिरलेला आहे; तिथं सैन्य कुठं अडेल ते मला इथं बसून कळतं. परदेश सोडाच, त्यांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता.

धान कापून झालं की ते पोरांना इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळ, स्वतःच्या शेतावर न्यायचे. रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या चौकोनी वाफ्यांमध्ये, सगळी लढाई मांडायचे. कालवा म्हणजे विस्तुला. पोलंडच्या सैन्यात तीन वेगवेगळ्या बादशहांच्या फौजांमधून आलेले शिपाई होते, बंदुका निराळ्या, हुकुमाची भाषा निराळी. ते समजावं म्हणून सर एका पोराला पोवारीत हुकूम द्यायला लावत, दुसऱ्याला गोंडीत, तिसऱ्याला हिंदीत. जो गोंधळ उडायचा त्यात सगळा धडा असायचा. समोर लाल सेना. तिच्यात प्रत्येक सेनापतीशेजारी कम्युनिस्ट पक्षाचा एक माणूस नजर ठेवायला उभा. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलेली म्हातारी माणसं विचारायची, "सर, हे पोट्टे काऊन पळून राहिले?" आणि सर त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगायचे.

एका वर्षी लाल घोडदळ झाला होता मोरेश्वर. कॉलेजात त्याच्याइतकं कुणी धावत नसे. दक्षिणेच्या कोपऱ्यात, मोहाच्या झाडाखाली त्याची जागा. खऱ्या लढाईत हे घोडदळ दुसऱ्याच शहरामागं लागलं, वॉर्साच्या मदतीला वेळेवर वळलं नाही, आणि त्या मोकळ्या फटीतून पोलंडनं घाव घातला. तेव्हा मोरेश्वरनं वळायचं नव्हतं, नुसतं पुढं पुढं धावायचं होतं. तो धावत पार दिसेनासा झाला आणि सगळे हसले. सरही हसले.

पुढं मोरेश्वर खऱ्या सैन्यात भरती झाला. काही वर्षांनी सीमेवरून त्याची शवपेटी आली. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई, सायत्राबाई, दाराशी बसली होती. तिनं सरांकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "तुमीच त्याले लढाई शिकवली." सरांनी हात जोडले. त्यानंतर पोरांना त्यांनी कधी शेतावर नेलं नाही. वर्गात ती लढाई आली की दोन ओळींत उरकायचे. मी समजावून पाहिलं, की पोरगं भरतीच्या मैदानावर स्वतःच्या पायांनी गेलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, त्या माउलीला हे कोण सांगणार?"

सर निवृत्त झाल्यावरची गोष्ट. मी त्यांच्याकडे गेले होते. सायत्राबाई आली, ओसरीवर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, की माझा पोरगा त्या खेळात कुठं उभा राहत होता ते मला दाखवा. सर लगेच उठले, चप्पलही विसरले. आम्ही तिघं शेतावर गेलो. सरांनी तिला सगळी लढाई सांगितली, दोन्ही सैन्यं, नदी, घोडदळ. पोरांना सांगायचे तशीच, काहीही न गाळता. मग मोहाचं झाड दाखवलं. ती झाडाखाली जाऊन उभी राहिली. बराच वेळ समोरच्या बांध्यांकडं पाहत राहिली... मग म्हणाली, "मंग तो वापस काऊन नाई वळला, सर?"

सर म्हणाले, "वळाचा हुकूम उशिरा भेटला, माय."

तिनं मान डोलावली. जणू एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं दर हिवाळ्यात ती येत राहिली, आणि सर दर हिवाळ्यात तिच्याबरोबर शेतावर जात राहिले.

परवा मी वहिनींना भेटायला गेले. त्यांनी सरांची खोली उघडून दिली आणि त्या चहा ठेवायला गेल्या. भिंतीवर युरोपचा जुना नकाशा होता, कडा पिवळ्या पडलेल्या. मी वॉर्सा शोधू लागले. ते सापडेना. सरांनी इतकी वर्षं बोट ठेवून ठेवून तिथला कागद गुळगुळीत केला होता; शहराचं नाव नव्हतं, नदीही नव्हती, नुसता एक पांढरा डाग उरला होता. मी तिथं बोट टेकवलं. वहिनींनी चहा आणला तरी ते बोट मला उचलवेना.