मामांची खुर्ची

माझे सासरे स्वस्थ बसलेले मी लग्नानंतर बरेच दिवस पाहिलेच नव्हते. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा उभा असे, म्हणजे उठायला सोपं. आमचं लग्न लागत असताना त्यांचं लक्ष मांडवाच्या एका तिरक्या बल्लीकडे होतं, आणि मंगलाष्टकं संपायच्या आत त्यांनी ती ठोकून सरळ केली. लग्नाच्या एकुलत्या एक फोटोत त्यांच्या जागी नुसती एक टोपी हललेली दिसते.

रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायचो. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये ते मिस्त्री होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या मशीनच्या दोन रांगा, प्रत्येक मशीनपुढे कापूस घालणारी एक बाई, आणि वरच्या लांब दांड्यावरून खाली येऊन मशीन फिरवणारा चामडी पट्टा. मामा दिवसभर त्या रांगांमधून फिरत. एखाद्या बाईचे डोळे मिटायला लागले की काठीने तिच्या मशीनचा पट्टा उतरवत आणि ओरडत, "हिले ताप आला!" ताप मशीनला. ती थंड होईपर्यंत बाईने पाणी पिऊन, तोंड धुऊन यायचं. "ताप मशीनले येते अन् पाणी बाईनं प्यावं लागते, असं औषध आहे हे, जावईबापू." हे ते कुणाला विचारून करत नसत. आणि जुन्या मालकाला कापूस वेळेवर गाठीत गेला की पुरे असे.

मी तेव्हा बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून. महाराष्ट्र नवा होता, मीही नवा होतो, आणि साहेबांना विचारल्याशिवाय मी खिडकीही उघडत नसे. मामांना माझी काळजी वाटायची. "शिंक येते तवा तरी कोणाले विचारत नाई ना तुमी?"

पुढे मालकाचा मुलगा कारभार पाहू लागला आणि त्याने बाहेरून एक मॅनेजर आणला. मॅनेजरने पहिल्याच फेरीत मामांना नुसतं फिरताना पाहिलं आणि त्याची खात्री पटली, की हा माणूस काही काम करत नाही. त्याने आपल्या केबिनच्या काचेसमोर एक खुर्ची मांडली. मिस्त्रीने तिथे बसायचं, बोलावलं की उठायचं, आणि पट्ट्याला हात लावायच्या आधी विचारायचं.

घरी मात्र बातमी पोचली ती एवढीच, की मामांना खुर्ची मिळाली. मामींनी गल्लीत पेढे वाटले. मी बुलढाण्याहून हार घेऊन गेलो. मामांनी तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घालू काय?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मग जेवताना म्हणाले, "पाणी पिऊ काय?" मामी हसल्या. "प्या ना! का अर्ज लिहून देता?" थोड्या वेळाने, "उठू काय?" तेव्हा कुणी हसलं नाही.

पुढच्या खेपेला पाहिलं तर त्यांचं जेवण अर्ध्यावर आलेलं, झोप मोडलेली. बसल्या जागी गुडघा सारखा हलायचा, आणि त्याच्या धक्क्याने ताटातली वाटी खुळखुळायची. ओट्यावरून खाली उतरायचं तरी आधी मामींकडे पाहायचे. मामींनी मला मागच्या दारी गाठलं. "हे मले न विचारता अर्ध्या मलकापूरले घरी जेवाले आनत. मी रोज भांडत होती. आता भांडाले बी काही ठेवलं नाई यायनं. काय झालं हो यायले?"

विचारल्याशिवाय काही न करायच्या त्याच दुखण्यावर मी कचेरीत बढतीची वाट पाहत होतो. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. बाटली हातात धरून मामा म्हणाले, "घेऊ काय?"

हंगाम भरात होता. गंगाबाई नावाच्या बाईला भर दुपारी मशीनपुढे डुलकी लागली. मामांनी ते खुर्चीवरून पाहिलं, आणि काचेकडे वळून हात वर केला. आत मॅनेजर कुणाशी तरी बोलत होता. मामा हात वर धरून थांबले. तेवढ्यात गंगाबाईचा पदर पट्ट्यात गेला. शेजारची बाई किंचाळली, "पाहून काय राह्यला बे, मिस्त्री!" मामांना 'बे' म्हणणारी ती पहिलीच. खुर्ची उलटी पाडून मामा धावले, पट्टा उतरवला. पदर फाटला, बाई वाचली.

हे सांगताना मामांनी हात तसाच वर धरून मला दाखवला. "पाय उठाले पाह्यजे होते, जावईबापू. माहा हात उठला. शाळेतल्या पोरावानी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खुर्ची उचलून पाण्याच्या माठाजवळ नेऊन ठेवली, गंगाबाईला तिच्यावर बसवलं, आणि काचेबाहेरूनच ओरडून सांगितलं, "साहेब, मले आता विचारनं जमत नाई. ठेवाचं त ठेवा, काढाचं त काढा!" ऐन हंगामात दुसरा मिस्त्री कुठून आणणार? ठेवलं. हंगाम सरला तसं काढलं.

मग ते अवजारांची पिशवी घेऊन गावोगाव इंजिनं दुरुस्त करत हिंडू लागले. कधी धाड गावच्या बाजारात, कधी कुणाच्या विहिरीवर. "घरात पाय ठरत नाई या मानसाचा!" म्हणून मामी पुन्हा भांडायला लागल्या, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

यथावकाश मीही साहेब झालो. समोर कुणी "जरा जाऊन येऊ का?" म्हणत उभं राहिलं की टेबलाखाली माझाच गुडघा हलायला लागतो. "विचारता काय, जा," असं मी म्हणतो. माझ्या वरच्या साहेबांना मात्र मी अजून विचारतोच.

शेवटच्या दुखण्यात मामा बुलढाण्याच्या दवाखान्यात होते. खाटेवरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका सकाळी मी उशाशी बसलो होतो, तर मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "जावईबापू, उठू काय?"

इतक्या वर्षांनी पुन्हा तेच? "थांबा, डॉक्टरांना विचारून येतो," म्हणत मी दाराकडे निघालो. मागे खाट करकरली. वळून पाहतो तर मामा भिंतीला धरून खिडकीपाशी पोचलेले.

"या तुमी विचारून," ते म्हणाले. "तवरोक मी पाहतो, हे कडी काऊन वाजून राह्यली ते."

मी विचारायला गेलो नाही. त्यांना कडी ठोकता यावी म्हणून खिडकीचं दार धरून उभा राहिलो.