दोनशेपैकी एक्केचाळिसावा शनी

माझ्याकडे शनी आहे. दोनशेपैकी एक्केचाळिसावा. बाकीचे सात ग्रहही आहेत आणि तेही सगळे एक्केचाळिसावेच. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर टाकलं की पाहुणे आधी माझ्याकडे बघतात आणि मग आमच्या ह्यांच्याकडे. हे म्हणतात, "माझ्याकडे बघू नका. आमच्या लग्नात पत्रिका पाहिली नव्हती, त्याची फळं आहेत ही."

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. एखादा चित्रकार आपल्या चित्राच्या मोजून दोनशे प्रती छापतो, प्रत्येकीखाली पेन्सिलीने तिचा क्रमांक आणि आपली सही घालतो आणि ते चित्र पुन्हा कधीही छापत नाही. माझा चित्रकार सातासमुद्रापलीकडचा. ग्रहांच्या अगदी जवळ जाऊन उभं राहिलं तर काय दिसेल, एवढंच तो आयुष्यभर काढत आला. वर्षा-दोन वर्षांनी एक ग्रह. त्याचा एक शिरस्ता होता. ज्याच्याकडे जो क्रमांक, त्यालाच पुढच्या ग्रहाचा तोच क्रमांक. पण एक जरी ग्रह चुकवला की क्रमांक दुसऱ्याला जायचा, कायमचा. म्हणजे आठही चित्रं एकाच क्रमांकाची असणं याचा अर्थ त्या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही ढिलाई केलेली नाही. मी विमा कार्यालयात जन्म काढला आहे. मुदत चुकवणारी माणसं मी रोज बघत होते, त्यांतली एक व्हायचा माझा मुळीच विचार नव्हता.

मालिका खरं तर नऊची ठरली होती. मधेच प्लुटोचं ग्रहपद गेलं आणि चित्रकाराने आठांवर थांबायचं ठरवलं. मी दोन दिवस हळहळले. हे म्हणाले, "चला, एक भिंत वाचली."

मला आकाश लहानपणापासून आवडायचं, पण थंडीत कुडकुडत दुर्बिणीला डोळा लावून उभं राहणं कधीच आवडलं नाही. दुर्बिणीतून शनी पाहिला आहे मी, तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. चित्रातल्या शनीसमोर मात्र माणूस गप्प होतो. खाली त्याच्या एका चंद्रावरचा बर्फाचा कडा, वर निम्मं आभाळ व्यापून तो स्वतः, आणि त्याच्याभोवतीच्या कड्यांची सावली त्याच्या पिवळ्या अंगावर पडलेली. नळकांड्यातून हा कागद पहिल्यांदा बाहेर काढला, तेव्हा तो मी संध्याकाळपर्यंत परत गुंडाळलाच नाही. आयुष्यात मी स्वतःसाठी निवडलेली सगळ्यात सुंदर गोष्ट होती ती, आणि हे मी आमच्या ह्यांच्यासमोरही सांगते.

आमचा फ्लॅट शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे आठ ग्रह एका भिंतीवर मावणं अशक्य. गुरू आणि मंगळ बाहेरच्या खोलीत, शुक्र आतल्या खोलीत, नेपच्यून तर बाथरूमला जाताना लागतो. कागदाला ऊन लागू नये म्हणून दिवसा पडदे ओढलेले. पावसाळ्यात एकेक फ्रेम उतरवून, मागचा पुठ्ठा कोरडा आहे ना बघून परत टांगायची. शनीला मी स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांबची भिंत दिली होती, कपाटाच्या वर, म्हणजे फोडणीचा धूरही तिकडे जायला नको.

खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. चित्रं बघायला आल्या तेव्हा सात ग्रहांना छान म्हणाल्या आणि शनीसमोर थबकल्या. "बाकीचे असू देत गं. शनी घरात लावत नाहीत. त्याची दृष्टी पडते."

यावर आमचे हे बोलणार नाहीत असं होणं शक्य नव्हतं. हे इंजिनीयर, आणि देव, दैव, मुहूर्त या तिन्हींवर पेठेत जाहीर बोलणारे. कुणाच्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधलेली दिसली की लिंबू सोडवून घरी आणायचे आणि सरबत करून प्यायचे. ते म्हणाले, "काकू, शनी इतका लांब आहे की तिथून त्याला पृथ्वी धड दिसत नाही. आपला जिना कुठून दिसणार?" काकू म्हणाल्या, "वेळ आली की कळेल." असं बरीच वर्षं चाललं होतं.

मग शहरात एक खगोल दालन उभं राहायचं ठरलं. तिथल्या बाईंना माझ्या संग्रहाबद्दल कुठून तरी कळलं आणि त्यांचा फोन आला. आठ ग्रहांसाठी एक अख्खी भिंत द्यायची तयारी होती, कायमची. आमचा मुलगा परदेशात असतो आणि त्याला भिंती पांढऱ्या आवडतात. माझ्यानंतर या चित्रांचं काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. काच एकीकडे, लाकूड एकीकडे, कागद रद्दीत. त्यामुळे मला दुसरं काही नको होतं. आठही जण एका ओळीत, एका भिंतीवर, मी नसतानाही तिथे राहावेत, एवढंच हवं होतं. दालनाची अट सरळ होती. संच पूर्ण हवा, क्रमांक एकच हवा आणि कागद निर्दोष हवा. मी म्हटलं, या तिन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत, केव्हाही येऊन बघा.

त्या यायच्या आधीच मी आजारी पडले. पोटाचं ऑपरेशन झालं, ते बिघडलं, आत जंतुसंसर्ग झाला. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. घरी आले ती काठी घेऊनच, आणि स्टुलावर चढायला सक्त मनाई. त्या पावसाळ्यात शनी मला खाली उतरवताच आला नाही.

बाई आल्या त्या दिवाळीनंतर. अंगाने बारीक, बोलायला मोजक्या. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरून, हातमोजे घालून त्यांनी एकेक फ्रेम उघडायला सुरुवात केली. हे फ्रेमा काढून देत होते. सात ग्रह झाले. प्रत्येक वेळी बाई मान हलवायच्या आणि माझी मान आणखी ताठ व्हायची. आठवी फ्रेम टेबलावर ठेवून हे खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी पेपर उघडला.

बाईंनी पुठ्ठा काढला, कागद उचलला आणि थांबल्या. खालच्या कडेला, क्रमांकापासून सहीपर्यंत, लांबट पिवळा डाग. भज्यांच्या पुडीचा कागद होतो तसा तेवढा कागद पारदर्शक झाला होता.

"ओल?" मी विचारलं.

"ओल नाही." त्यांनी वाकून वास घेतला. मग मीही घेतला. खवट शेंगदाणा तेल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. फ्रेम करणारा, घराला रंग देणारे, सगळ्यांना मी मनातल्या मनात उभं-आडवं घेतलं.

ह्यांनी पेपरची नीट घडी केली. "तेल आहे ते. मी घातलं."

"तुम्ही?"

"शनिवार होता," हे म्हणाले.

बाई तर खगोलवाल्या, त्यांनी नजर कागदावरच ठेवली. मग म्हणाल्या, की तेलाचा डाग काढता येतो. मुंबईत अशा कागदांवर काम करणारी त्यांच्या ओळखीची एक तज्ज्ञ आहे. ती द्रावणाने तेल उतरवते, पेन्सिलीला धक्का लागत नाही. डाग गेला की दालनाची काही हरकत नाही. त्या गेल्या, आणि मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

मग त्यांनी सांगितलं. ऑपरेशन बिघडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस पार पडू दे, मग बोलू. हे अंघोळीला घरी आले. जिन्यात काकू डबा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, आज शनिवार आहे, देवळात जाऊन शनीला तेल घालून या. ह्यांनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं, "काकू, डॉक्टर बघताहेत, शनीला कशाला त्रास." आणि वर आले. अंघोळ केली. पण पाय घराबाहेर पडेनात.

"देवळात रांगेत निम्मी पेठ भेटली असती," हे म्हणाले. "सगळ्यांना मी आयुष्यभर अक्कल शिकवली आहे."

म्हणून त्यांनी घरातलाच शनी उतरवला. मोरीत भिंतीला टेकवून उभा केला आणि देवळात घालतात तसं वाटीभर तेल वरून सोडलं. नंतर काच साबणाने पुसली आणि फ्रेम जागच्या जागी टांगली. "काचेवरून ओघळून ते खालच्या खाचेत उतरणार आणि कागद ते ओढून घेणार, हे मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. एवढं झाल्यावरही ह्यांना खाचेचीच चुटपुट लागली होती.

"विश्वास होता तुमचा?"

"छे."

"मग?"

"घातलं नसतं आणि तू गेली असतीस, तर पुढचे सगळे शनिवार मी काय केलं असतं?"

या माणसाला कधीतरी असं पकडावं, ही माझी जुनी इच्छा होती. आता ते सापडले होते, तर मी आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवसापासून हे कामाला लागले. शनीच्या मापाचा सपाट लाकडी खोका केला, आत मऊ कापड लावलं, मुंबईच्या बाईंशी बोलून दिवस ठरवला. डाग एकदाचा जावा, अशी त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाई होती. खोका बंद करायच्या दिवशी हे भाजी आणायला मंडईत गेले. मी खोक्यातून कागद काढला, फ्रेममध्ये घातला आणि दालनाच्या बाईंना फोन केला. सात न्या म्हटलं, शनी मिळणार नाही. त्यांनी समजावून पाहिलं. आठ नाहीतर एकही नाही, असं त्यांच्या समितीचं म्हणणं. "मग एकही नाही," मी म्हटलं.

ती भिंत गेली. नंतर मी जाऊन बघून आले. तिथे फ्लेक्सवर छापलेले ग्रह आहेत आणि त्यांना कडेला सुरकुत्या पडल्या आहेत. मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. तिथे माझे आठ असते तर कसे दिसले असते, ते मला ठाऊक आहे. पण पुन्हा विचारलं तरी माझं उत्तर तेच असेल.

त्या दिवशी हे मंडईतून आले, पिशवी ठेवली आणि खोका रिकामा बघून चिडले. "इतकी वर्षं एक ग्रह चुकवला नाहीस. माझ्या एका वाटीपायी सगळं घालवतेस? तो डाग पुसायला मिळत असताना?"

"दोनशे घरांत हा शनी आहे," मी म्हटलं. "माझ्यासाठी कुणी एवढं घाबरलं होतं, हे फक्त या एका कागदावर दिसतं. ते मी मुंबईला धुवायला पाठवणार नाही. आता उचला आणि वर टांगा. मला चढायची मनाई आहे."

हे स्टुलावर चढले. फ्रेम खिळ्याला लावली, सरळ केली, आणि खाली न उतरता तसेच तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "काकूंना सांगू नकोस."