बाबांसाठी साधी फाइल

बाबांना गोळ्यांचा विसर पडायला लागला तेव्हा मी त्यांच्या मोबाइलवर कामांच्या यादीचं अ‍ॅप टाकून दिलं. रंगीत, गोंडस, वेळ झाली की टुणकन वाजणारं. काम झाल्यावर त्यांनी चौकोनात केलेली खूण मला ऑफिसात माझ्या फोनवर दिसायची. परदेशीपुऱ्यातल्या घरी ते दिवसभर एकटेच. त्यांना असं अजून किती दिवस ठेवता येईल, हा प्रश्न मला कुरतडत असायचा. पण खुणा अगदी वेळेवर दिसायच्या, म्हणून मी निर्धास्त होते.

एका रविवारी त्यांची औषधांची डबी आवरताना पाहिलं, तर बीपीच्या गोळ्या जशाच्या तशा.

"बाबा, खूण केलीत आणि गोळी घेतलीच नाही?"

"खूण म्हणजे बघितलं," ते शांतपणे म्हणाले. "कागद आला की वाचायचा, टिक मारायची, आगे सरकवायचा. काम करायला बाबू लोक आहेत ना!"

इथल्या हिंदी कारभाराच्या सरकारी कचेरीत जन्म गेला त्यांचा. आधी मला हसू आलं, मग भयंकर संताप आला. त्यांचा नव्हे, त्या अ‍ॅपचा. चौकोनात बोट लावलं की झालं काम! आणि मीही ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

मग आणखी अ‍ॅपं पाहिली. एकाला पासवर्ड हवा, दुसरं उठता-बसता शाबासकी देणारं. शेवटी सगळी काढून टाकली आणि मोबाइलवर एक साधी, कोरी फाइल ठेवली. चौकोन नाही, घंटा नाही, रंग नाही. जे केलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं, बस. बाबांना ते आवडलं. 'गोळी घेतली. दूध तापवलं.' चार दिवस बरे गेले आणि डबीतल्या गोळ्याही कमी होत गेल्या. मला वाटलं, जमलं.

काल संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर गोळी घेतली, वर पाणी प्यायले. मी म्हटलं, "आता लिहा, बाबा."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग खुर्चीतून अर्धवट उठले, दोन्ही हातांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि फार अदबीनं म्हणाले, "आप ही लिख दीजिए, मॅडमजी. साहब आएंगे तो साइन करवा लेंगे."

माझ्याशी बाबा आयुष्यात कधी हिंदीत बोलले नव्हते. मोबाइल घेतला, लिहिलं, 'गोळी घेतली.' सकाळी मला ऑफिसला जायचं होतं, त्यांना घरी एकटं ठेवून.