टपाल ऑफिसचा बोका

टपाल ऑफिसात पत्रं येतात आणि जातात. किस्से मात्र येतात आणि तिथेच पडून राहतात, कारण त्यांच्यावर कुणाचा पत्ता नसतो. खालापूरकडच्या एका गावात मी टपाल कारकून होतो. तिथले माझ्याकडे इतके साठलेत, की आज फक्त बोक्याचे सांगतो. गावाचं नाव विचारू नका. तिथली निम्मी माणसं अजून माझ्यावर रागावून आहेत.

ऑफिस म्हणजे पंतांच्या घराची पुढची खोली. पंत आमचे पोस्टमास्तर. पाकिटं चिकटवायची कणकेची खळ उंदरांना फार प्रिय, त्यापायी ते थैल्या कुरतडत. म्हणून वहिनींनी, म्हणजे पंतांच्या बायकोने, गटारात सापडलेलं मांजराचं एक पिल्लू कापसाच्या वातीने दूध पाजून जगवलं. उंदीर गेले. पिल्लाचा बोका झाला आणि शेपटी उभी करून टपालाच्या थैल्यांवर फवारे सोडू लागला!

तो वास मी वर्णन करून सांगणार नाही. तुमचं जेवण व्हायचं असेल.

*

गावातल्या सखारामभाऊंनी मुलीची पत्रिका भिसेगावला पाठवली. आठ दिवसांत परत आली. सोबत चिठ्ठी होती, 'गुण जुळतात, पण पत्रिका घरात आल्यापासून माणसं जेवत नाहीत.'

सखारामभाऊ ती चिठ्ठी घेऊन आले आणि बोक्यासमोर मांडी घालून बसले. पंत ओशाळले. त्यांनी नवी पत्रिका स्वतः लिहिली आणि भिसेगावला पायी जाऊन हातात दिली. लग्न ठरलं. मुलीच्या आईने बोक्यासाठी शिरा पाठवला, लांबून.

*

त्यानंतर इन्स्पेक्टरसाहेब आले. पाच मिनिटं नाकाला रुमाल लावून बसले आणि वहीत शेरा मारून गेले, 'दुर्गंधी. पुढील तपासणीपर्यंत न गेल्यास मांजर काढून टाकावे.'

वहिनी दोन दिवस बोक्याला मांडीवरून खाली ठेवेनात. तिसऱ्या दिवशी पंतांनी टोपी काढून मेजावर ठेवली आणि म्हणाले, "वास जाईल. बोका जाणार नाही."

पंतांना बोका आवडत नसे, बायको फार आवडे. हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

*

पहिला उपाय, आंघोळ. पंत, मी आणि टपाल वाटणारा दगडू, तिघांनी मिळून बोक्याला रिठ्याच्या पाण्यात बसवलं. तो फेसासकट निसटला आणि वाटायच्या पत्रांवर उभा राहून त्याने अंग झटकलं. एकही पत्ता वाचण्यासारखा राहिला नाही!

पंत एकेक पत्र उजेडाला धरून बघू लागले. दगडू मात्र शांतपणे पत्रं गोळा करत म्हणाला, "मला कुठं वाचता येतंय? मी जाडीवरून वळकतो."

संध्याकाळपर्यंत सगळी बरोबर पोचली.

*

मग कुणीतरी सांगितलं, मांजराला लिंबाचा वास खपत नाही. पंतांनी चारी कोपऱ्यांत कापलेली लिंबं ठेवली. बोका खरोखर फिरकला नाही.

गावही फिरकलं नाही. कापलेली लिंबं बघून लोकांना वाटलं, टपाल ऑफिसात करणी झाली! आठवडाभर पत्रं पडून. शेवटी देवळातला गुरव आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि पंतांना हळूच विचारू लागला, "कुणावर केलीया?"

*

वैद्यबुवांनी तगर नावाच्या औषधी मुळीची पूड दिली. म्हणाले, थैल्यांवर शिंपडा, घाण वास मरतो. त्यांच्या औषधांचं मला माहीत नाही, पण मांजरांचं त्यांना काही माहीत नव्हतं. तगराच्या वासाला मांजर वेडं होतं. आमचा बोका थैल्यांवर लोळू लागला, आणि दुपारपर्यंत गावातली नऊ मांजरं त्याच्याबरोबर लोळत होती.

वहिनी दारातून बघून गेल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या तेवढ्या.

*

आता पंत हट्टाला पेटले. जमीन खणून नवी माती घातली, शेणाने सारवली, भिंतींना चुना दिला. थैल्या राखेच्या पाण्यात उकळून उन्हात टाकल्या. बोक्यासाठी मागच्या पडवीत भाताच्या तुसाच्या राखेची पाटी ठेवली आणि ऑफिसचं दार त्याला कायमचं बंद केलं. तो बंद दारावर नखं मारी, आम्ही आत सारवत असू. पंधरा दिवसांत वास गेला.

आणि दुसरा यायला लागला. भाताचा! नुकत्याच उतरवलेल्या अंबेमोहोराचा!

पंत स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले. चूल विझलेली होती.

डोंगरातल्या वाडीवरची बुधी ठाकरीण लाकडाची मोळी द्यायला आली, तिने दारातच नाक वर केलं. म्हणाली, "माळ्यावर उदमांजर व्यालीय. तिचा वास भातावाणीच येतो. बोका घाण नव्हता करत, पंत. तिला दाखवत व्हता, ह्ये घर माजं हाय."

दगडू काठी घेऊन शिडी चढू लागला. वहिनींनी शिडी धरली. "पिल्लांचे डोळेही उघडले नसतील अजून," त्या म्हणाल्या. "तपासणीत काय व्हायचं ते होऊ दे. खाली उतर."

दगडू उतरला.

*

इन्स्पेक्टरसाहेब भर दुपारी आले. खोपोलीहून चालत, सकाळपासून उपाशी. थैल्या हुंगल्या, कोपरे हुंगले, भिंती हुंगल्या. वहिनी मधल्या दाराआड बोक्याला पोटाशी धरून उभ्या होत्या. मला दाराच्या फटीतून त्याची शेपटी दिसत होती.

साहेबांनी लिहिलं, 'दुर्गंधी नाही. मांजरास हरकत नाही.' दाराआड बांगड्या वाजल्या.

मग त्यांनी पुन्हा एक लांब श्वास घेतला. लेखणी परत उचलली. 'मात्र पोस्टमास्तर कामाच्या वेळात ऑफिसात भात शिजवतात. हे बंद करावे.'

उदमांजराचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पंतांनी मेजाखालून माझ्या पायावर पाय दिला. सबंध नोकरीत वहीत एक खोटं अक्षर न लिहिलेल्या त्या माणसाने शेऱ्याखाली सही केली. "चुकलं, साहेब. उद्यापासून नाही शिजणार."

माळ्यावर काहीतरी खुडबुडलं. साहेबांनी वही मिटली, टोपी काढली आणि अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या.

"बरं, आज शिजलाच आहे, तर वाढा."

आत वहिनींच्या चुलीवर नाचणीची भाकरी होती.