लेकरं झोपलेत

आमच्या दारावरच्या बेलची वायर माझ्या नवऱ्याने स्वतः तोडली. स्टुलावर चढून पक्कडीने दोन टोकं कापली, त्यांवर काळी टेप गुंडाळली आणि खाली उतरून म्हणाले, आता दाबा म्हणावं किती दाबायची ती. दुपारी लेकरांना झोपवून मी जरा आडवी व्हायला आणि कुरिअरवाल्याने बेल मारायला एकच गाठ पडायची. एक जागं झालं की सगळी जागी, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात नुसती रडारड. त्यावर त्यांनी काढलेला हा इलाज.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ते एसटीत ड्रायव्हर. डेपोत मोडीत पडलेली, गाडीला लावायची एक जुनी पाटी त्यांनी मागून आणली. तिच्या एका बाजूला 'मुखेड' लिहिलेलं होतं. दुसऱ्या बाजूला डेपोतल्या पेंटरकडून त्यांनी लिहून घेतलं, 'लेकरं झोपलेत. दार वाजवू नये.' पेंटर म्हणाला होता, 'मुले झोपली आहेत' असं लिहितो, शुद्ध. हे म्हणाले, नको, आपण बोलतो तसंच लिही, म्हणजे लोकांना खरं वाटतं. जेवणं उरकली की मी ती पाटी बाहेरून कडीला अडकवायची आणि चहाच्या वेळेला काढायची. पाटी असेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घराचा कायदा. खालच्या घरमालकीणबाईसुद्धा तो पाळायच्या.

हे सगळं चाललं होतं मुलीसाठी. आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडले की पोरगी पुढे काय करणार असं कुणी विचारत नाही. लातूरला कोणत्या क्लासला घातलं, असं विचारतात. आम्हीही घातलं. तिथे एका खोलीत आणखी तिघींबरोबर तिची एक कॉट, मेसचा डबा आणि भिंतीला चिकटवलेले फॉर्म्युले. एकट्याच्या पगारात ते भागणार नव्हतं, म्हणून मी लेकरं सांभाळायला घेतली. एका नर्सबाईंची मुलगी, बँकेतल्या बाईंची जुळी, आणि रोज मुखेडला अप-डाउन करणाऱ्या दोन शिक्षिकांची तान्ही. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं आम्ही नवरा-बायको एकमेकांना सांगत होतो. पोरीची बारावी झाली की आपली खोली परत आपली.

आता खोलीचं सांगते. नांदेडातलं आमचं हे वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर. हॉल, स्वयंपाकघर आणि एकच बेडरूम. डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि कूलर बसेल अशी खिडकी फक्त बेडरूमला. आमच्या उन्हाळ्यात दुसऱ्यांची लेकरं हॉलमध्ये भाजत ठेवणार कशी? म्हणून बेडरूम त्यांना गेली. माझ्या माहेराहून आंदणात आलेला पलंग आम्ही दोघांनी सुटा करून भिंतीला उभा केला. खाली गाद्या, गाद्यांवर रबरी कापडं, छताच्या हुकाला जुन्या लुगड्याची झोळी. ज्या खुंटीला नवऱ्याचा खाकी ड्रेस असायचा तिथे सशाच्या न् हत्तीच्या बॅगा लटकल्या. कपाटाला दोरी बांधली, कारण जुळ्यांपैकी एकाला त्यांचे शर्ट ओढून काढायचा नाद लागला होता. सगळ्या खोलीला दूध, पावडर आणि शूचा मिळून एक वास लागला. फिनेल ओतून ओतून माझे हात सोलले, वास काही गेला नाही.

एवढं सगळं चाललं असतं हो, पण ड्रायव्हर माणसाची झोप दिवसाची असते. रात्रीची गाडी करून हे सकाळी घरी यायचे तेव्हा दारात छोट्या चपलांची रांग लागलेली. सुरुवातीला ते हॉलमध्ये साडीचा पडदा करून झोपले. पडद्याखालून लेकरं आत शिरायची, कुणी पोटावर बसायचं, कुणी मिशी ओढायचं. मग गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या सावलीला. सावली सरकेल तशी चटई सरकवायचे. मग डेपोतल्या विश्रांतिगृहात झोपायला लागले. डोळे कायम लाल. मला धास्ती वाटायची, एवढी माणसं भरलेली गाडी हातात, कुठे डुलकी लागली तर? मी म्हणायचे, दोन लेकरं कमी करते. ते म्हणायचे, हॅट, मला काय धाड भरली, मी कुठंबी झोपतो.

शेवटी त्यांनी मुखेडपलीकडच्या एका खेड्याची मुक्कामी गाडी मागून घेतली. ही गाडी संध्याकाळी निघते, रात्रभर शेवटच्या गावाला थांबते आणि पहाटे परत फिरते. बाकीचे ड्रायव्हर मुक्कामाची ड्युटी टाळतात, कारण झोपायचं गाडीत नाहीतर देवळाच्या ओट्यावर. आमचे मात्र खुशीत. गाडीच्या टपावर लई झकास झोप लागते, वारं येतं, असं सांगत सुटले. मी त्यांच्यासमोर हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन भाताचं पातेलं आपटलं. स्वतःचं बिऱ्हाड असताना माणसाला झोपायला परगावी जावं लागतं आणि वर त्याला त्याचा आनंद होतो, याचा मला इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना.

नर्सबाईंची मुलगी तीनेक वर्षांची, भारी बोलकी. ती रोज बघायची की एक माणूस बॅग घेऊन येतो, दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, पाणी पितो, जेवतो आणि बॅग उचलून जातो. एक दिवस ते आले तशी ती आत पळत आली आणि मला म्हणाली, "मावशी, पाव्हणे आले." सगळ्यांना हसू फुटलं. यांनीही चेष्टेवारी नेलं. पाव्हण्याला पाणी द्या की, म्हणाले. मग ते नावच पडलं. लेकरं त्यांना पाव्हणे म्हणायला लागली. फोनवर हेही म्हणायचे, आज पाव्हणा जेवायला हाय बरं का. लातूरहून पोरगी सुट्टीला आली, दुपारची स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकून झोपली, आणि तिच्याही तोंडी ते आलं. त्या दिवशी मात्र हे हसले नाहीत. ताटातली भाकरी तशीच ठेवून हात धुतला.

त्या रात्री मी पोरीला बजावलं, बापाला असलं बोलू नये. ती म्हणाली, इथं मी तरी कोण आहे?

दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा. पोरीची परीक्षा तोंडावर आलेली. त्या दुपारी लेकरं लवकर पेंगुळली. मी पाटी अडकवली, फोन मुका करून फ्रिजवर ठेवला, आतून कडी घातली आणि झोळीची दोरी हातात धरून खाली पडले. कूलर घरघरत होता. मला गाढ झोप लागली. तशी झोप मला किती दिवसांत लागली नव्हती. उठले तेव्हा ऊन कललं होतं. पाटी काढायला दार उघडलं तर हे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले, डोकं भिंतीला टेकलेलं, मांडीवर बॅग. मला वाटलं डोळा लागला असेल. मी जरा त्रासूनच म्हटलं, इथं काय बसलात, आत यायचं की. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ शर्टावर आली होती. बॅग मांडीवरून घसरली ती त्यांना धरता आली नाही.

दवाखान्यात नेलं. लकवा होता. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, सुरुवात कधी झाली. मला काय माहीत? मग त्यांचा कंडक्टर आला आणि त्याने सांगितलं. त्या दिवशी गाडी वाटेत बंद पडून दुपारी पोचली, आणि उतरताना हे म्हणाले होते की उजवा हात जड झाल्यासारखा वाटून राहिला, घरी जाऊन पडतो. कंडक्टरनेच त्यांना मोटरसायकलवर आणून आमच्या फाटकाशी सोडलं होतं. चालत जिना चढताना त्याने पाहिलं होतं. म्हणजे मी आत झोपले होते तेवढा सगळा वेळ हे दाराबाहेर बसून होते. डॉक्टर ओरडले वगैरे नाहीत. ते हळूच म्हणाले की लवकर आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं.

माझा फोन मी नंतर कितीदा तरी पाहिला. एकही मिस्ड कॉल नव्हता. फ्रिजवर फोन थरथरला तरी आवाज होतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्यांचा राग येतो, आजही येतो. उभा जन्म रस्त्यावर हॉर्न वाजवत काढला या माणसाने, आणि स्वतःच्या दारावर एक थाप मारवली नाही. दार लाकडाचं होतं, लेकरं तर लेकरंच होती, रडली असती आणि गप्प झाली असती. पण पाटी त्यांनीच आणलेली, आणि पाटीवर जे लिहिलंय ते पाळायचं, ही त्यांची नोकरीतली खोड. पाव्हणे म्हणून म्हणून आम्ही त्यांना पाव्हणाच करून टाकलं होतं, आणि पाव्हणा माणूस दार बडवत नाही.

पोरीला परीक्षा होईपर्यंत सांगितलं नाही. सगळे नातेवाईक म्हणाले तेच बरोबर. परीक्षा देऊन ती आली, बापाला पाहिलं आणि माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून करून राहिलेत हे सगळं, मला इचारलं होतं का?" तिचा मेडिकलला नंबर लागला नाही. आता ती इथेच कॉलेजला जाते, माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलावं तरी काय तिने.

पलंग खाली आला. शेजाऱ्यांनी जोडून दिला. बेडरूम आता त्यांची, कूलर त्यांचा, खुंटीला खाकी ड्रेस पुन्हा लावलाय, जो ते कधी घालणार नाहीत. बेलची वायर जोडून घेतली. ती आता चांगली खणखणीत वाजते, आणि येणारंच फारसं कुणी नाही. आजारी माणसाच्या घरात तान्ही ठेवायला आयांचं मन होईना. त्यांना तरी कसा दोष देऊ? नर्सबाईंनी मुलगी तेवढी ठेवली, आणि एक नवीन बाळ आलं. ती दोघं हॉलमध्ये झोपतात. पाटी मी जाळायला निघाले होते. मग माळ्यावर टाकली, का ते सांगता येत नाही. नर्सबाईंची मुलगी बेडरूमच्या उंबऱ्यावर उभी राहून त्यांच्याकडे बघते. परवा मला विचारत होती, पाव्हणे आता जाणार नाहीत का?

त्यांना बोलता येत नाही. कधीमधी एखादा शब्द सुटतो, तोही वाकडातिकडा. काही लागलं तर बोलावता यावं म्हणून डाव्या हाताशी मी स्टीलची ताटली आणि चमचा ठेवलाय. सकाळी वाजवतात, रात्री वाजवतात. दुपारी नाही. दुपारी मी आपण होऊन आत गेले तर घसा कोरडा पडलेला असतो, कधी चादर ओली असते, आणि हे टक्क जागे.

गेल्या आठवड्यात मी जेवून हॉलमध्ये लवंडले होते. पोरगी मैत्रिणीकडे गेली होती. उठून आत गेले तर चादर, गादी, सगळं भिजलेलं. किती वेळ तसे पडून होते देव जाणे. चमचा हातात घट्ट धरलेला आणि हात ताटलीपासून वर, हवेतच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आवाज चढला.

"वाजवायचं की हो," मी म्हटलं. "कामून वाजवलं न्हाई?"

त्यांनी तोंड उघडलं. ओठ कितीतरी वेळ नुसते हलत राहिले. मी वाकून कान जवळ नेला.

"लेकरं," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "झोपलेत."

रविवार होता. घरात आम्हा दोघांशिवाय कुणीही नव्हतं.