कुंदाचा पूर्ण फोटो

कुंदाला आयुष्यात पहिल्यांदा 'जाडी' मी म्हटलं.

पेडण्याहून म्हापशाला जाणारी सकाळची बस. आम्ही सातवीत, कॉन्व्हेंटच्या निळ्या स्कर्टमध्ये, एका सीटवर.

"जाडे, सरक मगे."

ती सरकली. खिडकी मला दिली. वर सिस्टरांची नक्कल करून हसवलंसुद्धा.

मी विसरले. ती विसरली नव्हती.

आज कुंदाला जाऊन महिना झाला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने भाचीकडून, तन्वीकडून, फोनवर डेटिंग ॲप घालून घेतलं. लग्न झालं नव्हतं तिचं. मुलगे बघून जायचे, निरोप यायचा नाही.

"कशाला गो आता?" मी विचारलं.

"कोण कोण असतं तिथे, बघूया तरी."

खरं तर तिच्यापेक्षा मलाच उत्सुकता. या वयात माणसं एकमेकांना काय लिहीत असतील?

फोटो मी काढला. आमच्याकडे पूर्वी लग्नासाठी 'दाखवायचा' फोटो काढत तसा. तुळशीवृंदावनामागे उभी, हात वृंदावनावर. मान, खांदे, हसरा चेहरा. बाकी सगळं तुळशीमागे.

मला वाटलं, किती छान आला.

पहिला माणूस म्हापशाच्या एका हॉटेलात भेटायला आला. शुक्रवार, भरबाजार, भरदुपार. मी शेजारच्या टेबलावर, राखणीला.

त्याने कुंदाकडे बघितलं. मग फोनकडे.

"फोटोत एवढ्या वाटला नव्हतात," म्हणाला, आणि चहा न पिताच गेला.

परतीच्या बसमधून पेडण्याला उतरताना ती म्हणाली, "नले, तुका माझी लज दिसता काय गो? शाळेपासून?"

मी "नाही गो, लाज कसली वाटायची?" म्हटलं.

ते खोटं होतं. तिलाही कळलं.

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

मग एक दिवस तिनेच फोन पुढे केला. नवा फोटो. फाटकात उभी, पिवळा ड्रेस, डोक्यापासून चपलांपर्यंत अख्खी कुंदा. खाली लिहिलेलं:

"मी जाडी आहे. आवडत असेल तर बोला. चालवून घेणार असाल तर नको."

आणि तिचे नियम. आधी व्हिडिओ कॉल. घरचा पत्ता नाही. भेट दिवसा, चार माणसांत. जेवणावरून, वजनावरून एक शब्द बोलला की ब्लॉक.

किती जण ब्लॉक झाले, विचारू नका. एकाने डाएट चार्ट पाठवला होता. कुंदा म्हणाली, "ह्याला माझ्यापेक्षा माझ्या भाताची काळजी."

मग डिचोलीचे दत्ताराम आले. खाणीच्या ट्रकांवर आयुष्य गेलेलं, बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

हरमलला किनाऱ्यावरच्या एका शॅकवर, झापाच्या हॉटेलात, भेटायचं ठरलं. कुंदाने सरळ विचारलं, "तिथल्या खुर्च्यांना हात आहेत? मी त्यात मावत नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तर म्हणून एका लाकडी बाकाचा फोटो आला. खाली लिहिलेलं: "आज जाऊन बसून बघितलं. मजबूत आहे. समुद्रही दिसतो."

हे वाचताना कुंदाचा चेहरा कसा झाला होता, ते मला लिहिता येत नाही.

"काय बोलता गो तुम्ही?" मी दर वेळी विचारायची.

"काहीच नाही. तो विचारतो, हात धरू? मी म्हणते, धर. मग समुद्र बघतो."

दीड वर्ष हे चाललं. घरात तन्वीशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

कुंदा डेंगीने गेली. पाच दिवसांत. घरी आलेल्या बायका कुजबुजत होत्या, "वजनानेच नेलं गो तिला." म्हणून इथे स्पष्ट लिहिते. डेंगीने गेली.

बाराव्याला दत्ताराम फाटकाशी येऊन उभे राहिले. कुंदाच्या भावाने, मोहनदादांनी विचारलं, "आपण कोण?"

"ओळखीचा," ते म्हणाले, आणि चपला पायातच ठेवून मागे वळले.

मी तोंड उघडलं नाही. पुन्हा एकदा.

म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. मोहनदादा, दत्ताराम कुंदाचे होते. आणि ती त्यांची.

तुला मनापासून नमस्कार, कुंदा. सावकाश जा.

इस्पितळात तिने माझ्याकडून लिहून घेतलं, ते तिच्याच शब्दांत देते. तिच्या वस्तूंचं वाटप रविवारी सकाळी दहाला, तिच्या अंगणात.

स्कूटर तन्वीला.

सिल्कच्या साड्या वहिनीला. ब्लाउज सोडून.

ब्लाउज आणि ड्रेस शेजारच्या रेश्माला. तिला दुकानात तिच्या मापाचं काही मिळत नाही. पिवळा आधी द्यायचा.

नलीला काही नको, तिने माझी खिडकी कधीच घेतली आहे.

पेजेचा टोप दत्तारामला. त्याची पेज दर वेळी करपते. टोप सगळ्यांसमोर द्यायचा, आणि कुणी विचारलं हा कोण, तर नलीने सांगायचं.